उशीवरचं वितळलेलं घड्याळ

मंडळी, आज मी तीन उश्या आणल्यात, अभ्र्यांवर प्रसिद्ध चित्रं विणलेल्या, आणि पहिल्या रांगेतल्या काकी म्हणाल्याच की वक्ताच उशी घेऊन आला म्हणजे आम्ही झोपायला मोकळे. झोपा, पण म्हापशाच्या या उकाड्यात झोप लागत असेल तर!

आधी एक गोष्ट. मी एकदा ऑनलाइन ‘विणलेला’ अभ्रा मागवला, आला तो छापील. कळलं कसं, तर उलटा केला, आत कोरा पांढरा. आता हा बघा खरा विणलेला, आतून पण चित्र आहे, फक्त रंग उलटेपालटे आणि लोंबते धागे. कारण जॅकार्ड नावाच्या या विणकामात रंग वरून लावतच नाहीत, मोजकेच रंगीत धागे ताण्याबाण्यात वर-खाली करून चित्र उठवतात. फ्रान्समधल्या लियाँ शहरातल्या जॅकार्ड नावाच्या माणसाचं हे डोकं, १८०४ च्या सुमाराचं, मागाला लावलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डाला भोक असेल तर धागा उचलायचा, नसेल तर नाही. १८३९ साली खुद्द जॅकार्डचंच रेशमी चित्र विणलं, त्याला म्हणे २४,००० कार्डं लागली. आता ते सगळं कॉम्प्युटर करतो.

ही पहिली उशी, चित्रकार साल्वादोर डालीची वितळलेली घड्याळं, १९३१ ची. मूळ चित्र केवढं माहितीय? २४ बाय ३३ सेंटीमीटर. वहीच्या पानाएवढं! अभ्रा अठरा इंची, म्हणजे चित्रापेक्षा उशी मोठी, वर ती चौरस, मग चित्राच्या बाजू कापल्या. आणि जवळून बघा, घड्याळाची वळणं पायऱ्या-पायऱ्यांची झालीत. मला नाही आवडत. मागाला सरळ आणि चौकोनच सोसतं, आपल्या कुणबी साडीच्या चौकड्या आठवा.

ही दुसरी मात्र झकास, बेल्जियमचा चित्रकार मॅग्रीट, त्याची ‘गोलकोंडा’, १९५३. नाव आपल्या हैदराबादच्या गोवळकोंड्याचं, चित्रात काळे कोट-टोपीवाले बाबू आभाळभर पावसासारखे लटकलेत. जुलैत आपल्याकडे असा पाऊस पडला तरी आपण छत्रीच उघडणार. पण बाबूंमधलं अंतर बघा, साडीवरच्या बुट्ट्या जशा! मॅग्रीट तरुणपणी वॉलपेपरच्या कारखान्यात डिझाइन करायचा, म्हणजे एकाच नक्षीने भिंतच्या भिंत भरायची सवय हाताला होतीच, म्हणूनच की काय हे चित्र विणताना काही बिघडत नाही.

तिसरी त्याचीच, ‘प्रेमी’, १९२८. दोघं एकमेकांना बिलगलेत, दोघांच्या डोक्यावर पांढरं कापड ओढलेलं, तोंड दिसत नाही. लोक याचे अर्थ लावत बसतात, आमच्या घरी हिने एका नजरेत सांगितलं, अहो, यांनी अभ्रेच घातलेत की डोक्यात! आता तोच अभ्रा उशीला चढवलाय आणि त्यावर रोज दुपारी मी गाल टेकतो. काकी, तुम्हाला हवी तर हीच घ्या, फक्त मशीनला लावू नका, आतले धागे ओढले जातात.