स्नेहसंमेलनाची यादी

नमस्कार मंडळी. पत्रिकेत माझा विषय 'विद्यापीठातील विविधता आणि कर्मचाऱ्यांचे उपक्रम' असा छापलाय. त्याचे तीन मुद्दे मी काढून आणलेत, ते सांगणारच आहे. पण कोल्हापुरात उभं राहून या विषयावर बोलायचं, तर गंगाराम कांबळ्यांच्या चहाशिवाय मला सुरुवातच करता येत नाही.

गोष्ट तुम्हाला पाठ आहे. गंगाराम अस्पृश्य मानलेल्या जातीतले, संस्थानच्या चाकरीत होते. पाण्याला शिवले म्हणून त्यांना मार बसला. पुढे त्यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं दुकान घातलं, तर गिऱ्हाईक फिरकेना. मग शाहू महाराज दुकानासमोर गाडी थांबवू लागले. स्वतः चहा घ्यायचे आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावायचे. (पुण्याची जी मंडळी इथं बसली आहेत, त्यांनी फार हसू नये. १८९० साली तिथं ख्रिस्ती पाद्र्यांच्या पंचहौद मिशनमधल्या चहावरून टिळक-रानड्यांपर्यंत सगळ्यांच्या मागे प्रायश्चित्ताचं लचांड लागलं होतं!)

आता बघा. २६ जुलै १९०२ ला याच महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. तो हुकूम काढणाऱ्या राजालासुद्धा चहासाठी रस्त्यात गाडी थांबवावी लागली. नोकरीत घेणं हुकमानं होतं. शेजारी बसवून घेणं राहूनच जातं, आणि ते कुणीतरी मुद्दाम करावं लागतं.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. मी एका विद्यापीठात, दुसऱ्या जिल्ह्यातल्या, ३१ वर्षं काम केलं. बरीचशी आस्थापना विभागात. दरवर्षी कर्मचाऱ्यांचं स्नेहसंमेलन व्हायचं. गाणी, फनी गेम्स, मुलांचा सत्कार आणि जेवण. जेवणाची कुपनं आमच्याच टेबलावरून वाटली जायची. यादी पगारपत्रकावरून निघायची, म्हणजे ती मीच काढायची.

एका वर्षी सभागृहाच्या दारात फार सुंदर रांगोळी होती. मोराची, पिसाऱ्यातला एकेक डोळा वेगळ्या रंगाचा. सगळे तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढत होते. ती काढली होती आमचा मजला झाडणाऱ्या मावशींनी, पहाटे पाचला येऊन. त्या ११ वर्षं आमच्याकडे होत्या. माझ्या मुलीच्या बारशाला घुगऱ्या निवडायला त्या घरी आल्या होत्या, इतका घरोबा. जेवणाच्या वेळी बघते तर मावशी मागच्या नळाजवळ उभ्या, हातात रिकामी बादली. म्हटलं, "मावशी, चला की, पंगत बसली." तर म्हणाल्या, "आमाला कुपन न्हाई बाई. समद्यांचं झालं की ताटं उचलायचीत."

कुपन नव्हतं, कारण यादीत नाव नव्हतं. यादीत नाव नव्हतं, कारण त्यांचा पगार ठेकेदाराकडून व्हायचा. कुणीही त्यांना मुद्दाम वगळलं नव्हतं. मी माझं कुपन पुढं केलं, ते त्यांनी घेतलं नाही. "तुमचं घेऊन मी कुटं बसू?" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मी वरिष्ठांना टिपण दिलं. 'सदर कामगार विद्यापीठाच्या आस्थापनेवर नाहीत' असा शेरा मारून ते परत आलं. ते टिपण मी अजून जपून ठेवलंय. मला त्याचा राग आहे, आणि तो जाऊ नये असं वाटतं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. मग मुद्दे भराभर सांगते.

पहिला, 'कर्मचारी' कुणाला म्हणायचं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा काढून वाचा. कायम, हंगामी, रोजंदार, ठेकेदारामार्फत आलेली, सगळी माणसं त्यात कर्मचारीच आहेत. तक्रारीसाठी जी आपली, ती जेवणासाठी परकी कशी?

दुसरा, जागा आणि वेळ. दिव्यांगांसाठीच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व आहे, सरकारी नोकरीत किमान ४ टक्के जागा आहेत. आपण त्या भरतो, आणि मग त्याच माणसाचा सत्कार सहा पायऱ्यांच्या स्टेजवर ठेवतो. चाकाच्या खुर्चीसकट चौघांनी उचलून वर न्यायचं आणि आपण टाळ्या वाजवायच्या. त्याला काय वाटत असेल? सत्कार खाली करा. आणि दुपारपाळीचे रखवालदार गेटवर असतात तेव्हाच दरवेळी कार्यक्रम ठेवू नका.

तिसरा, संक्रांतीचं हळदीकुंकू. महिला कर्मचाऱ्यांसाठी म्हणून ते विभागात होतं आणि विधवा सहकारी त्या दिवशी रजा टाकते. हेरवाड तुमच्याच जिल्ह्यातलं, शिरोळ तालुक्यातलं गाव. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद केल्या. मग शासनानं तोच ठराव राज्यभर सगळ्यांपुढं ठेवला. गावाला जमलं ते विद्यापीठाच्या विभागाला जमायला हवं. वाण सगळ्यांना द्या, नाहीतर कार्यक्रमाचं स्वरूप बदला.

ईद, नाताळ, आंबेडकर जयंती, त्यावर बोलायचं राहिलं. असो.

यंदाच्या स्नेहसंमेलनाची यादी करणारे इथं कोण आहेत? हात वर करा. हां, तुम्ही तिघं. पगारपत्रकावर थांबू नका. ठेकेदाराकडून हजेरीपुस्तक मागवून घ्या आणि त्यातली नावं आधी लिहा. ताटं उचलायला त्या दिवसापुरती बाहेरची माणसं लावा. खर्चाचं कुणी विचारलं तर मला फोन करा, मी येऊन बोलते.