वायपरच्या मोटरीवरची शर्यत

[मानेवाडा भागातली गच्ची, भर दुपार. पत्र्याच्या शेडमधून येणारा घरघर आवाज. आधी फक्त आवाज, मग दार.]

हा आवाज तुम्ही ऐकलेला आहे. पावसाळ्यात कारची काच पुसते, ती मोटर. इथे काच नाही आणि पाऊस यायला अजून महिना आहे. नागपूरचा मे चालू आहे, आणि अशा दोन मोटरींवर एक माणूस बसला आहे.

[खुर्ची पुढे झुकते, डावीकडे कलते, झटक्याने मागे येते.]

समोर कॉम्प्युटरवर शर्यतीचा गेम. गाडी वळली की खुर्ची कलते, ब्रेक दाबला की पुढे झुकते. खुर्ची एका मारुती ८०० ची. तिच्या खालचा सांधा ओम्नीच्या प्रोपेलर शाफ्टमधला, मेकॅनिक ज्याला क्रॉस म्हणतात तो. मोटरीचे दांडे खुर्चीला जोडणारे गोळे स्टिअरिंगच्या टाय रॉडचे. नवीन असं फारसं काही नाही यात.

ही खुर्ची बनवणारे हे दोघे भाऊ. घरात एकाला मोठा म्हणतात, दुसऱ्याला छोटा. आपणही तेच म्हणू. मोठा मेकॅनिकल डिप्लोमा झालेला. छोटा कॉलेजात जातो, असं आई म्हणते.

[वाडी, अमरावती रोड. भंगाराचे ढीग. हात, ग्रीस, लोखंड.]

हे दृश्य दहा सेकंदांचं ठेवायचं ठरलं होतं. आम्ही ते कापू शकलो नाही.

मोठ्याचा हात पाहा. मोटर उचलली की तो आधी तिचा बाहेरचा दांडा बोटांत धरून हलवतो. खटखट वाजला तर आतलं दातेरी चक्र झिजलेलं, मोटर परत ढिगात. मग तोच दांडा पिळून पाहतो. चांगली मोटर असेल तर तो हटत नाही. कारण आत वर्म गिअर असतो: मोटर चक्राला फिरवते, पण चक्राने कितीही जोर लावला तरी मोटर सहसा फिरत नाही. म्हणून लाईट गेली तरी खुर्ची माणसासकट धाडकन पडत नाही, आहे तिथेच थांबते. मिनिटाला साधारण पन्नास फेरे, पण ताकद भरपूर. किलोवर विकत मिळते. भंगारवाल्याला तिची किंमत लोखंड आणि तांबं एवढीच माहीत आहे, हा मोठ्याचा समज. भंगारवाल्याचं म्हणणं वेगळं आहे: "माहीत आहे हो सगळं. पोरं आहेत म्हणून देऊन राहिलो."

[वेल्डिंग. काळ्या काचेतून ठिणग्या.]

चौकटीसाठी चाळीस बाय चाळीस मिलिमीटरचा चौकोनी पाईप. मिस्त्री आधी टाके मारतो, काटकोन तपासायला गुण्या लावतो, परत एक टाका, आणि मगच पूर्ण शिवण. सरळ शिवण ओढली असती तर तापून चौकट पिळली असती, आणि पिळलेल्या चौकटीवर खुर्ची कधीच मधे उभी राहत नाही. हे मिस्त्री कुठे शिकले, ते विचारलं. ते हसले आणि काच खाली ओढली.

[पेटी. भाता हलवणारा हात.]

आता ही पेटी का, तर सांगतो. १९२९ मध्ये अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या माणसाने विमान चालवायचं सरावयंत्र बनवलं, असंच जागच्या जागी हलणारं. त्याच्या वडिलांचा कारखाना पियानो आणि ऑर्गनचा. त्यामुळे यंत्र हलवायला त्याला मोटर सुचली नाही, भाते सुचले. हवा भरली की छोटं लाकडी विमान वर, सोडली की खाली. सुरुवातीला ते जत्रेतल्या खेळासारखं मनोरंजनाच्या बागांमध्येच खपलं. लष्कराने घेतलं ते १९३४ मध्ये. त्या यंत्राचं चित्र आमच्याकडे नाही. खालच्या मजल्यावरच्या भजनी मंडळाची पेटी होती, ती दाखवली.

[खुर्ची बाजूने. कोन दिसावा असा शॉट.]

खुर्ची किती झुकते? फार तर दहा अंश. तेवढ्यावर ब्रेक दाबल्यासारखं वाटतं, कारण कानाच्या आत तोल सांभाळणारा जो अवयव आहे, त्याला झुकणं आणि जोर बसणं यांतला फरक एकट्याने कळत नाही. दहा अंश झुकलात तर तुमच्या वजनाचा साधारण सहावा हिस्सा तुम्हाला पुढे ओढतो. पडद्यावर रस्ता सरळच दिसतो. डोळे म्हणतात झुकलो नाही, कान म्हणतो ओढलं. मग मेंदू ठरवतो: ब्रेक लागला. खऱ्या शर्यतीच्या गाडीतला जोर याच्या कित्येक पट असतो. पण शर्यतीचे खरे ट्रॅक ग्रेटर नोएडाला, कोइम्बतूरला आणि चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला. मानेवाड्याहून सगळेच लांब.

[रात्र. मोबाईलवर काढलेलं, हललेलं चित्र. एक ठिणगी, अंधार.]

ही पहिली रात्र. हे छोट्याने काढलंय, म्हणून आवाजात शिवी आहे. ती ठेवली.

कारमध्ये वायपरच्या मोटरीची एक तार बऱ्याचदा तिच्या अंगालाच जोडलेली असते. गाडीची सगळी बॉडी निगेटिव्ह, त्यामुळे तिथे ते चालतं. शिवाय कारमध्ये ही मोटर एकाच दिशेने फिरते, काचेवरची ये-जा पुढचे दांडे करतात. इथे मोटरीलाच उलटसुलट फिरायचं आहे. म्हणजे ड्रायव्हर कार्ड, मोटरीला वीज देणारं सर्किट, क्षणात या टोकाला प्लस देतं, क्षणात त्या. दोन्ही मोटरी एकाच लोखंडी चौकटीवर कसलेल्या. एकीचं अंग प्लस, दुसरीचं मायनस झालं की मधली चौकट नुसती तार. फट्.

दोन कार्डं गेली. मग मोटरी उघडल्या, आत अंगाला जोडलेलं टोक सोडवलं, त्याची वेगळी वायर बाहेर काढली. टोक अंगाला लागलेलं असल्याचा मल्टिमीटरचा बीप बंद झाला तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते.

[खुर्ची एका बाजूला आपटते. परत. परत. पोतं घरंगळतं.]

हे मात्र दिवसा आणि नीट कॅमेऱ्यावर मिळालं. खुर्चीत माणसाऐवजी तांदळाचं पोतं आहे, एवढी अक्कल दोघांना होती.

खुर्ची चालवणारा छोटा सर्किट बोर्ड म्हणजे आर्डुइनो. मोटर कुठवर फिरली, हे त्याला कळायला प्रत्येक दांड्याला एक पोटेन्शिओमीटर लावलाय, जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखा. तो शून्य ते १०२३ मधला एक आकडा देतो. ५१२ म्हणजे खुर्ची मधोमध. त्याच्या बाहेरच्या दोन तारा उलट लागल्या तर काय होतं, ते हे. खुर्ची डावीकडे गेली, पण आर्डुइनोला दिसतं उजवीकडे गेली. तो बिचारा सावरायला तिला आणखी डावीकडे ढकलतो. सावरण्याच्या नादात पाडतो. तारांची अदलाबदल केली, दोन मिनिटांचं काम. तांदूळ वेचायला जास्त वेळ लागला, आणि ते आईने वेचले.

[छोटा खुर्चीत, वळण घेतोय. खुर्ची कललेल्या अवस्थेत गोठते. कॉम्प्युटरचा "टुंग" आवाज.]

हा "टुंग" लक्षात ठेवा. यूएसबी तुटल्याचा आवाज आहे. या आवाजाने तीन आठवडे खाल्ले.

गेम चालू, खुर्ची चालू, आणि जोराच्या वळणावर आर्डुइनो गायब. हळू चालवलं तर काहीच होत नाही. यांनी केबल बदलली. कॉम्प्युटर बदलला. प्रोग्राम पुसून परत टाकला. पॉवर सप्लाय दमतोय म्हणून त्याच्या जागी गाडीची बॅटरी लावली. त्याने खुर्चीचे झटके गेले, टुंग गेला नाही.

[वाडी. ट्रकखाली आडवे पडलेले काका. फक्त पाय, मग चेहरा.]

हे काका ट्रकचे इलेक्ट्रिशियन. मोठा त्यांच्याकडे फ्यूज घ्यायला गेला होता, टुंगचं सहज बोलला. पुढचं त्यांच्याच तोंडून ऐका.

"तू गाडीत टेप लावून पाह्यला का कधी? जुनी, कॅसेटची? वायपर सुरू केला की टेप खरखर करते. मोटरीत ब्रश असते न बाबू, तो ठिणगी मारते. ठिणगी म्हणजे रेडिओच समज. तुमचा तो कॉम्प्युटर तीच खरखर ऐकून राहिला."

[हातावर तीन बारके कपॅसिटर. खूप जवळून.]

चपट्या मुगाच्या डाळीएवढे. अंगावर १०४ छापलेलं, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरॅड. एक मोटरीच्या दोन टोकांमध्ये, बाकीचे दोन प्रत्येक टोकापासून अंगाला. यूएसबीची केबल मोटरीच्या वायरीपासून फूटभर दूर, दुसऱ्या बाजूने. काकांनी पैसे घेतले नाहीत. त्यांच्या दुकानावर पाटी नाही, आणि या शहरात असे किती जण ट्रकखाली पडून आहेत, ते कोणी मोजलेलं नाही.

[थर्मामीटर नाही मिळाला. कूलर, वाळ्याच्या ताट्या, पत्रा.]

एक कोडं उरलं होतं. पंधरा मिनिटांनी उजवी मोटर आपली आपण बंद पडायची. चहा पिऊन या, परत चालू. छोटा म्हणाला, उन्हाचं. मोठ्याने कार्ड कूलरच्या झोतासमोर धरलं, तेवढ्यात आई वर आली, आणि विजेच्या वस्तूवर ओली हवा मारण्याबद्दल जे बोलली ते आम्ही आवाज बंद करून दाखवतो आहोत.

ऊन कारणीभूत होतंच, पण अर्धंच. खुर्चीचं वजन क्रॉसच्या बरोबर वर नव्हतं, उजवी मोटर दिवसभर तो भार धरून बसायची. अशा कित्येक मोटरींच्या आत तापल्यावर आपोआप सुटणारा खटका असतो, तो आपलं काम करत होता. खुर्ची दोन इंच सरकवली. खाली मोटारसायकलच्या शॉकअपच्या स्प्रिंगा बसवल्या. आता मोटरींना फक्त हलवायचं असतं, उचलायचं नसतं.

[खुर्ची, सलग, बिनातोड. एक पूर्ण फेरी.]

मधल्या काळात मोठ्याची नोकरी सुटली, आणि छोट्याच्या बोटाला चार टाके पडले. त्याचं चित्रीकरण नाही.

[काका पायऱ्या चढून येतात. चपला दाराशी. खुर्चीत बसतात.]

काकांना रविवारी बोलावलं. त्यांनी बसल्याबसल्या पाठ टेकवून सीट आधी तपासली, मग स्टिअरिंग. गेमने हिरवा दिवा दिला. बाकीच्या गाड्या सुटल्या. काका जागेवरच.

"दाबा न काका ॲक्सिलरेटर!"

"थांब बे. हॉर्न कुठं आहे याचा?"