लेकरू बोट कुठं दाखवतंय?

(दृश्य : औसा तालुक्यातल्या एका गावातलं घर. मार्गशीर्षातली सकाळ. अंगणातल्या चुलीपुढं आज्जी, शेजारी एकोणीस महिन्यांची नात.)

कॅमेरा दारातून आत आला तशी ही पोर आज्जीच्या पाठीमागं गेली. पदर मुठीत धरून तिनं एकदा आमच्याकडं पाहिलं आणि लगेच मान वर करून आज्जीच्या तोंडाकडं. आज्जी हसत होती, "या, बसा" म्हणत होती. मग मूठ सुटली. पोर दोन पावलं पुढं आली आणि तिनं कॅमेऱ्याच्या स्टँडला हात लावून पाहिला.

समोरचं भ्यायचं आहे की नाही, हे लेकरू आपल्या माणसाच्या चेहऱ्यावरून ठरवतं. १९८५ मध्ये अमेरिकेत यावरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वर्षाच्या मुलांना जाड काचेवर सोडलं होतं. काचेखाली एका जागी खोलगट उतार दिसेल अशी रचना होती, आणि पलीकडं आई उभी. आईचा चेहरा हसरा होता तेव्हा १९ पैकी १४ मुलं काच ओलांडून गेली. आईनं भेदरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही पुढं गेलं नाही. सगळं काम नुसत्या चेहऱ्यानं झालं होतं.

(दृश्य : रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर जातो. पोरीचं बोट तिकडं.)

आता हे बोट बघा. ती ट्रॅक्टरकडं बोट करते, वळून आज्जीकडं बघते, पुन्हा ट्रॅक्टरकडं. आज्जीचा हात पिठात आहे, पण ती म्हणते, "काय बघूलालीस माय? ट्रॅक्टर व्हय? ऊस घेऊन चाल्लाय बघ." पोर म्हणते, "टॅ!"

थोड्या वेळापूर्वी हेच बोट फळीवरच्या गुळाच्या डब्याकडं होतं. तेव्हा तिला गूळ हवा होता. ट्रॅक्टर तिला नको आहे. "मला दिसलं ते तुलाही दिसू दे" एवढंच तिचं म्हणणं आहे. वर्षाच्या आसपास लेकरं असं दाखवायला लागतात. मागण्यासाठी केलेलं बोट आणि दाखवण्यासाठी केलेलं बोट, यातलं दुसरं फार मोलाचं. त्यात लेकरानं ओळखलेलं असतं की समोरच्याचं लक्ष आपण वळवू शकतो. आणि आज्जीनं जे केलं ते त्याहून मोलाचं. तिनं उत्तर दिलं, लेकरू बघत होतं त्याच वस्तूचं नाव त्याच क्षणी घेतलं. शब्द लेकराच्या कानात असाच मुरतो.

या घरात पोरीचं बोलणं मोजायला गेलं तर मोजकंच भरेल. गाईला "म्मा", दुधाला "म्मा", आईलाही "म्मा". शेळी दिसली तरी "भू भू". घरातले हसतात, पण तिच्याकडं आहेत तेवढ्या शब्दांत ती सगळं गाव बसवते आहे. समजतं मात्र कितीतरी जास्त. आई बोट न दाखवता, हातातलं काम न थांबवता म्हणाली, "बाबाची चप्पल आण जा." ती गेली, चार जोड्यांतली बरोबर बाबाची एक चप्पल उचलून आली. दुसरी आणायला विसरली, तो भाग वेगळा.

(दृश्य : काटवटीजवळ पोर. हातात पिठाचा गोळा.)

आज्जीनं भाकरी थापता थापता पिठाचा एक गोळा हिच्या हातात दिला. ती दोन्ही तळव्यांनी थापते. आज्जीच्या हाताचा ठेका तिनं बरोबर उचललाय. मग ती थापलेलं पीठ एका पालथ्या झाकणावर ठेवते. तो तवा. फुंकर मारते, कारण भाकरी गरम आहे. एक तुकडा मोडून चिंध्यांच्या बाहुलीच्या तोंडाला लावते आणि स्वतःच मचमच आवाज काढते.

सहा महिन्यांपूर्वी ती रिकामी वाटी स्वतःच्याच तोंडाला लावायची. आता बाहुलीलाही भूक लागते. खोटं खोटं खेळणं लेकरं या क्रमानं शिकतात : आधी स्वतःपुरतं, मग दुसऱ्याला भरवणं, मग थापणं, भाजणं, भरवणं अशी साखळी. झाकणाला तवा मानणारं डोकंच आवाजाला वस्तू मानतं, म्हणून हा खेळ आणि बोलणं हातात हात घालून वाढतात. महागडं खेळणं या अंगणात एकही दिसलं नाही.

दुपारी शेजारचा दोन वर्षांचा मुलगा आला. दोघं मातीत बसले, दोघांच्या हातात वाट्या, दोघं माती भरतात आणि ओततात. एकमेकांशी अवाक्षर नाही. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन संशोधिकेनं १९३२ मध्ये मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले, त्यातला हा शेजारी-शेजारी खेळण्याचा प्रकार. तरी नीट बघा : त्यानं वाटी पालथी घातली की थोड्या वेळानं हीही घालते. मग त्यानं हिची वाटी ओढली आणि रडारड झाली. "शहाणी ना तू, दे त्याला" हे या वयाला कळायचं नाही. "माझं" म्हणजे काय हेच ती आत्ता शिकतेय.

(दृश्य : उसाचा फड. पाचटावर अंथरलेलं धडपं, त्यावर एक लहान मूल.)

दसरा झाला की मराठवाड्यातले कितीतरी कोयते, म्हणजे ऊसतोडीला जाणारी जोडपी, कारखान्याच्या वाटेला लागतात, आणि लेकरं संगं जातात. लेकरांची तपासणी करणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. त्यातली एक फेरी या लेकरांची सहज हुकते. फडातली आई दिवसभर मोळ्या बांधते. तिला "लेकराशी खेळत जा" असं सांगायला जीभ रेटत नाही. पण मोळी बांधता बांधता ती लेकराशी बोलते, ते आम्ही ऐकलंय, आणि त्याचं मोल आज्जीच्या बोलण्याइतकंच आहे. तिच्यासाठी अडचण तपासणीची आहे, मायेची नाही.

"पोरं उशिराच बोलतात, ह्याचा बापही तिसऱ्या वर्षी बोलला" हे वाक्य आम्ही प्रत्येक गावात ऐकलं. काही लेकरं खरंच उशिरा बोलतात. पण वर्ष झालं तरी बोट नाही, टाटा नाही, बडबड नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षं झाली तरी "आई ये", "पाणी दे" असे दोन शब्द स्वतःहून जोडत नाही. हाक मारली तर वळत नाही. यातलं एक जरी दिसलं तर थांबू नका. आणि आलेले शब्द किंवा नजरानजर नाहीशी झाली, तर वय कोणतंही असो, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. आधी कान तपासून घ्या. मोबाईल हातात दिल्यानं बोलायला येईल असं समजू नका; दोन वर्षांच्या आत पडदा नकोच, असं भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं सांगितलंय.

अंगणवाडीच्या ताईंना विचारा. माता बाल संरक्षण कार्डावर कोणत्या महिन्यात लेकरानं काय करायला हवं त्याची चित्रं आहेत, ती त्यांच्यासोबत बसून बघा. गरज वाटली तर पथक पुढच्या तपासणीला पाठवतं, आणि त्याचे पैसे लागत नाहीत. फडावर जाणार असाल तर कार्ड सामानात घ्या आणि निघायच्या आधीच तपासणी मागून घ्या.