लिस्बनच्या ताटात आपला बटाटा

नमस्कार श्रोतेहो. परदेशात फिरायला गेल्यावर देवळं, किल्ले, संग्रहालयं सगळं आपण नीट वाचून जातो. जेवायचं काय, एवढंच राहून जातं. मी आज लिस्बनबद्दल बोलणार आहे, पोर्तुगालच्या राजधानीबद्दल. त्यातली एक गोष्ट आधीच सांगून ठेवते: आधी विचारा, मग हात लावा.

तिथे छोट्या खाणावळीला तास्का म्हणतात. दुपारचं जेवण साधारण साडेबारा ते तीन आणि रात्रीचं साडेसात-आठनंतर. मधल्या वेळात बऱ्याच ठिकाणी चूल थंड असते. 'प्रातु दु दिआ', म्हणजे आजचा बेत, हा ताजा आणि स्वस्त. अर्धी थाळीही मिळते, तिला 'मैया दोझ' म्हणायचं. पूर्ण मागवली तर पुष्कळदा दोघांना पुरते. अन्न टाकणं मला कुठल्याच देशात पटत नाही, त्यामुळे अर्धीच मागवा.

आता ती गोष्ट. मी आणि आमच्या मोठ्या वहिनी. वहिनींचं माहेर वेंगुर्ल्याचं. दिवस गुरुवारचा, आणि वहिनी गुरुवारी मासमच्छी खात नाहीत. आल्फामा म्हणजे लिस्बनची जुनी चढउताराची वस्ती. तिथल्या एका गल्लीत आम्ही शिरलो. चार टेबलं, त्यांवर कागदाचं अंथरूण, आणि साठी उलटलेले एक वाढपी. आम्ही टेकतो न टेकतो तोच त्यांनी पाव, वाटीभर ऑलिव्ह आणि छोटं गोल चीज आणून ठेवलं.

वहिनी म्हणाल्या, "बघ, किती अगत्य! न मागता पुढ्यात ठेवलं."

भूक लागली होती. पाव मोडला, चीज संपवलं, ऑलिव्हच्या बिया बशीत जमा झाल्या. मग 'काल्दु वेर्द' आलं. बटाट्याच्या दाट पाण्यात बारीक चिरलेली हिरवी पानं, आपल्या पातळभाजीचीच बहीण. वहिनींनी चमचा घातला आणि वर आली लालसर गोल चकती. शोरीसु! गोव्यात आपण चोरीस म्हणतो, तेच डुकराचं सॉसेज. वहिनींचा चमचा तिथेच थांबला.

वाढप्यांनी ते लांबून पाहिलं. काही न बोलता वाडगा उचलला, आत गेले आणि उकडलेला बटाटा घेऊन आले. वर ऑलिव्हचं तेल, लसूण. बशीकडे बोट दाखवून म्हणाले, "बताता."

वहिनी जवळजवळ उभ्याच राहिल्या. "गो, ह्यो तर आपलो बटाटो!"

मग काय, दोघांचा खेळच सुरू झाला. वहिनींनी पावाकडे बोट दाखवलं, ते म्हणाले "पांव". पर्समधली किल्ली काढून दाखवली, ते म्हणाले "शाव्ह". वहिनी म्हणाल्या, "चावी!" सूपमधल्या पानांना ते "कोव्ह" म्हणाले, आणि आम्हाला कोबी आठवला. पोर्तुगीज गोव्यात होते १५१० ते १९६१, आपल्या वसईत १५३४ ते १७३९. एवढ्या काळात त्यांचे शब्द आपल्या ओट्यावर येऊन बसले ते कायमचे.

शेवटी त्यांनी विचारलं, "पगार?"

वहिनी माझ्याकडे वळल्या. "पगार कसला मागतायत?"

पोर्तुगीजमध्ये पगार म्हणजे पैसे देणं. आपला महिन्याचा पगार तिथूनच आलेला. त्यांनी बॉलपेनने टेबलाच्या कागदावरच हिशेब मांडला. पाव तीन युरो, ऑलिव्ह दोन, चीज साडेतीन. अगत्याचे साडेआठ युरो! आम्ही दोघी गप्प. माणूस इतका चांगला, पण आम्ही विचारलंच नव्हतं.

तर श्रोतेहो, याला तिथे 'कुव्हेर' म्हणतात. जेवणाआधी पुढ्यात येतं, ते फुकट नसतं. नको असेल तर हात लावायचा नाही, परत न्यायला सांगायचं. कोणी रागवत नाही. २०१५ चा कायदाच आहे तिथे: गिऱ्हाइकाने न मागितलेल्या आणि न वापरलेल्या कुव्हेरचे पैसे घेता येत नाहीत. दरपत्रकही लावावं लागतं. आपल्याकडे प्रत्येक हॉटेलच्या दारात असं ठळक दरपत्रक असावं, हे मी वर्षानुवर्षं म्हणत आले आहे.

शाकाहारी मंडळींनी 'सें कार्न, सें पैश' पाठ करावं, म्हणजे मांस नको, मासे नकोत. दोन्ही म्हणा, एकावर भागत नाही. आणि खाकरे-ठेपले प्रवासापुरते ठेवा. लिस्बनला जाऊन खोलीत बसून ठेपला खाणाऱ्यांचं मला मनापासून वाईट वाटतं. अहो, तिथे 'शमुसा' मिळतो. शमुसा म्हणजे आपला सामोसाच, समुद्रापार जाऊन तिथलाच झालेला. बहुतेक मांसाचा असतो, म्हणून पुन्हा तेच: आधी विचारा, मग हात लावा.

त्या दुपारी निघताना वहिनींनी हिशेबाचा तो कागदाचा कोपरा अलगद फाडून घेतला. ऑलिव्हच्या तेलाचा डाग आहे त्यावर. घरी ओट्याच्या खणात, वाणसामानाच्या यादीशेजारी ठेवलाय. बटाटे संपले की वहिनी यादीत आता 'बताता' लिहितात, त्यांच्यासारखंच.