आकडा वस्तीचा, कोयंडा आपल्या दाराचा

श्रोतेहो, नमस्कार.

नवीन घर बघायला गेलं की पहिला प्रश्न असतो, ‘एरिया सेफ आहे ना?’ आणि उत्तर म्हणून कुणीतरी एक आकडा पुढे करतं : लाख लोकसंख्येमागे इतके गुन्हे. हा आकडा निघतो कसा? नोंदलेले गुन्हे भागिले तिथली राहती लोकसंख्या, गुणिले एक लाख. समजा, एका भागात ५०,००० लोक राहतात आणि वर्षभरात ४० घरफोड्या झाल्या. दर आला ८०. शेजारच्या भागात राहणारे फक्त ५,०००, पण रेल्वे स्टेशन आणि बाजार तिथंच. वर्षात २०० मोबाइल चोरीला गेले. दर आला ४,०००! म्हणून तिथले रहिवासी काही पन्नासपट धोक्यात नाहीत. भागाकारात वर मोबाइल आहेत येणाऱ्या-जाणाऱ्यांचे, आणि खाली माणसं धरलीत फक्त मुक्कामाची. घरफोडीचा दर हजार घरांमागे काढावा, वाहनचोरीचा तिथं उभ्या राहणाऱ्या वाहनांमागे. तेव्हा कुठे तुलना जमते. आणि गल्लीत गेल्या वर्षी दोन चोऱ्या होत्या, यंदा चार झाल्या, तर ‘गुन्हे दुप्पट’ ही बातमी खरी असली तरी इतक्या लहान आकड्यांत तिच्यावरून काहीच ठरत नाही.

शिवाय मोजले जातात ते नोंदलेले गुन्हे. गाडी गेली की माणूस तक्रार करतोच, कारण विम्याला कागद लागतो. सायकल गेली, रस्त्यात छेड काढली, की पुष्कळदा गप्प बसतो. अमेरिकेत १९७३पासून आणि इंग्लंड-वेल्समध्ये १९८२पासून घरोघरी जाऊन लोकांना विचारतात, तुमच्याबाबतीत गुन्हा घडला का, आणि तुम्ही तो कळवला का. बरेचसे गुन्हे पोलिसांपर्यंत पोचतच नाहीत, हे त्यातून पुन्हा पुन्हा दिसलंय. त्यामुळे नवी चौकी सुरू झाल्यावर आकडा वाढला, तर घाबरण्याआधी विचारावं : चोर वाढले, की तक्रार करणं सोपं झालं?

मुळात गुन्हा वस्तीभर सारखा पसरत नाही. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात पोलिसांना आलेले वर्षभराचे कॉल अभ्यासकांनी पत्त्यांवर मांडले. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात निम्मे कॉल शहरातल्या जेमतेम ३ टक्के ठिकाणांहून आलेले निघाले. म्हणजे ‘वाईट वस्ती’ असं ज्याला म्हणतात, त्यात बहुतेक गल्ल्या शांतच असतात. एखादा चौक, एखादी पार्किंगची जागा, एखादा बोळ, एवढ्यावर सगळी बदनामी.

हे झालं जागेचं. वेळेचं गणित याहून महत्त्वाचं, आणि तेच कुणी सांगत नाही. इंग्लंडमधल्या रॉचडेल शहरात कर्कहोल्ट नावाची वसाहत आहे. १९८०च्या दशकात तिथं घरफोड्यांचा सुळसुळाट होता. तपासल्यावर कळलं, एकदा फुटलेलं घर पुन्हा फुटण्याची शक्यता इतर घरांच्या सुमारे चौपट. चोराला वाट ठाऊक झालेली असते, काय उचलायचं राहिलं तेही ठाऊक असतं, आणि थोड्या दिवसांत नवा टीव्ही येणार हेही. तिथल्या पुष्कळ घरांत नाणी टाकून चालणारे गॅस-विजेचे मीटर होते, म्हणजे घरात ठेवलेला गल्लाच म्हणा. ते मीटर काढले, फुटलेल्या घरांची दारं-खिडक्या पक्की केली, आणि आजूबाजूच्या पाच-सहा घरांना फक्त त्या एका घरावर नजर ठेवायला सांगितलं. तीन वर्षांत घरफोड्या सुमारे ७५ टक्क्यांनी उतरल्या. शेजारच्या घरांनाही हा धोका लागतो. फुटलेल्या घरापासून काहीशे मीटरच्या आत, पहिल्या काही आठवड्यांत, तो सर्वाधिक असतो.

आता दाराकडे येऊ. ‘कोयंडा उचकटून’ हे शब्द बातमीत नेहमी असतात, ‘कुलूप तोडून’ त्या मानानं कमी. महागडं कुलूप शाबूत लटकत राहतं आणि कोयंडा हातात येतो. कारण तो अर्ध्या-पाऊण इंचाच्या चार स्क्रूंवर बसवलेला असतो. कटावणी घातली की स्क्रू लाकडासकट बाहेर. कोयंड्याला आरपार जाणारे बोल्ट लावा, बाहेरून गोल गुळगुळीत डोकं, आतून वायसर आणि नट. आतल्या कुलपाचा अडसर चौकटीत किमान एक इंच शिरला पाहिजे, आणि तो अडसर ज्या पट्टीत शिरतो, त्या चौकटीवरच्या पट्टीचे स्क्रू तीन इंची हवेत, म्हणजे ते खोलवर धरतात. बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला असतील तर पिना ठोकून काढता येतात, तेही बघून घ्या. एक गोष्ट राहिलीच : बाहेर लटकणारं कुलूप ‘घरात कुणी नाही’ असं जाहीर करतं. शक्य असेल तिथं आतल्या आत बसणारं कुलूप बरं.

दिव्यांबाबत एक गैरसमज आहे, जास्त वॉट म्हणजे जास्त सुरक्षित. फाटकावरचा प्रखर फ्लडलाइट येणाऱ्याचे डोळे दिपवतो आणि शेजारी काळीकुट्ट सावली पाडतो. मध्यम उजेडाचे, खाली वळवलेले, जवळजवळ लावलेले दिवे चांगले. झुडपं तीन फुटांपेक्षा वाढू देऊ नयेत, झाडाच्या फांद्या सात फुटांखाली ठेवू नयेत. मधल्या पट्ट्यात माणूस दिसला पाहिजे.

आणि घर फुटलंच तर? आत वावरू नका, कपाटाला हात लावू नका, दारातून फोटो काढा आणि पोलिसांना बोलवा. चोरीला गेलेल्या मोबाइलचा पंधरा आकडी आयएमईआय नंबर फिर्यादीत लागतो. तो आजच स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून वहीत उतरवून ठेवा. पंचनामा झाला की मोडलेला कोयंडा त्याच दिवशी, आधीपेक्षा भक्कम बसवून घ्या. ‘पुढच्या रविवारी बघू’ म्हणालात, तर सगळ्यात धोक्याचे दिवस तसेच जातात. शेजारच्या पाच-सहा घरांना लगेच सांगा. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

सोसायटीच्या कॅमेऱ्याचं फुटेजही त्याच दिवशी पेन ड्राइव्हवर घ्या. डिस्क भरली की जुनं आपोआप पुसलं जातं, कुठे पंधरा दिवसांत, कुठे आठवड्यातच. कॅमेरा पहिल्या मजल्याच्या उंचीवर असेल तर त्यात टोपी दिसेल, चेहरा नाही. चेहऱ्यासाठी आठ फुटांच्या आसपासची उंची ठीक. फुटेज काढताना रेकॉर्डरचं घड्याळ मोबाइलशी ताडून पाहा. ते वीस मिनिटं पुढे असेल, तर फरक कागदावर लिहून फुटेजसोबत द्या. घड्याळ दुरुस्त करायचं ते त्यानंतर.