वाईच्या घाटावर जाणारी रंगपेटी

(पडदा उजळतो तेव्हा टेबलावर एक कापडी पिशवी उघडी दिसते. खिडकीबाहेर अजून अंधार आहे.)

पुण्याहून वाईला जाणारी पहाटेची एसटी गाठायची असेल, तर पिशवी आदल्या रात्रीच भरून ठेवावी लागते. उघड्यावर बसून निसर्गचित्र रंगवायला जाण्याला कलाशाळांतली मुले ‘लँडस्केपला जाणे’ म्हणतात, आणि त्यासाठी वाई हे महाराष्ट्रातल्या चित्रकारांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे आवडते ठिकाण आहे. कृष्णेचे संथ पाणी, काळ्या दगडांचे घाट, ढोल्या गणपतीचे देऊळ आणि तेथून सुमारे तीन किलोमीटरवर मेणवलीचा नाना फडणीसांचा वाडा, एवढे सारे पायी फिरण्याच्या टप्प्यात येते. पायी फिरायचे आहे, ही गोष्ट सामान निवडताना सर्वांत आधी ध्यानात घ्यायची असते, कारण ज्या पिशवीचा पट्टा खांद्याला रुतू लागतो ती पिशवी दुपारनंतर उघडलीच जात नाही.

वजनाचा हिशेब कागदापासून सुरू होतो. जलरंगासाठी वापरला जाणारा ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारा), २२ बाय ३० इंचांचा पूर्ण ताव साधारण १३० ग्रॅम भरतो. त्याचे चार भाग केले, तर आठ भागांचे, म्हणजे दोन दिवसांच्या भरपूर कामाचे, वजन पाव किलोच्या जवळपास राहते. यापेक्षा पातळ कागद नेऊन वजन वाचवण्याचा मोह मी अनेकांना पडलेला पाहिला आहे, परंतु पहिला मोठा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा ओला थर, पडताच तो कागद पापडासारखा फुगतो आणि सारा रंग मधल्या खळग्यात जमा होतो. बचत करायचीच असेल, तर ती लाकडी बोर्डावर करावी. सनबोर्डचे, म्हणजे फोमच्या पुठ्ठ्याचे, दोन हलके तुकडे पुरतात. एकावर कागद चिकटपट्टीने बसवावा आणि परतताना अर्धवट ओले चित्र दोघांच्या मध्ये क्लिपांनी धरून आणावे.

कोकणात किंवा गोव्यात पावसाळ्यात जाणार असाल, तर कागद निघण्यापूर्वी तपासून घेणे फार महत्त्वाचे आहे. चांगल्या कागदाला सरस दिलेला असतो, म्हणून रंग काही काळ पृष्ठभागावर टिकतो. दमट हवेत महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या कागदातला हा सरस हळूहळू निकामी होतो. कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब सोडावा. तो मण्यासारखा उभा राहिला तर कागद शाबूत आहे, आणि टीपकागदावर पडावा तसा लगेच जिरला तर तो ताव कच्च्या रेखाटनांसाठी घरीच ठेवावा.

(कॅमेरा रंगपेटीच्या अगदी जवळ येतो. टूथपिकने रंग ढवळला जात आहे.)

रंगांच्या बाबतीत मी सुरुवातीच्या वर्षांत मोठी चूक केली. घरातल्या वीसेक ट्यूबा जशाच्या तशा पिशवीत टाकल्या होत्या. प्रवासात एका जाड पुस्तकाखाली अल्ट्रामरीनच्या ट्यूबचे झाकण तडकले, आणि आठ दिवसांची रेखाटने असलेली वही निळी होऊन गेली. त्यातली एका वृद्ध नावाड्याची रेखाटने मला पुन्हा कधी करता आली नाहीत. तेव्हापासून ट्यूबा घरी राहतात आणि सोबत जातात ते हाफ पॅन, म्हणजे बोटाच्या पेराएवढे छोटे चौकोनी डबे.

हे डबे घरी भरता येतात. ट्यूबमधला रंग एकदम काठोकाठ भरला, तर वाळताना तो आकसतो, कडांपासून सुटतो आणि पेटी उघडताच खडा होऊन बाहेर पडतो. म्हणून तो थराथराने भरावा लागतो. पहिला थर तिसऱ्या भागापर्यंत घालावा, आतली हवा निघावी म्हणून टूथपिकने कोपऱ्यांपर्यंत फिरवावा आणि पूर्ण वाळल्यावरच दुसरा थर द्यावा. पुण्यात एप्रिलमध्ये हे काम तीन-चार दिवसांत उरकते, तर रत्नागिरीत जुलैमध्ये आठवडा उलटला तरी रंग बोटाला चिकटत राहतो. म्हणून पावसाळी दौऱ्याची पेटी उन्हाळ्यातच तयार करून ठेवलेली बरी.

आपल्याला आज सहज वाटणाऱ्या या सोयीमागे मोठा इतिहास आहे. जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ मध्ये धातूच्या दाबता येणाऱ्या ट्यूबचे पेटंट घेतले, त्यापूर्वी तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या लहान पिशव्यांत बांधून न्यावे लागत आणि त्या वाटेतच फुटत. त्या ट्यूबमुळे तैलरंगाचा चित्रकार घराबाहेर पडला. जलरंगाच्या चित्रकाराला मात्र वाळलेला रंग आणि थोडे पाणी एवढेच लागते, आणि प्रवासासाठी जलरंगाइतके सोयीचे दुसरे माध्यम नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. विमानाने जाताना तर हा फरक फारच जाणवतो. टर्पेंटाइन सुमारे ३५ अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याजोगी वाफ सोडू लागते, त्यामुळे ते हातातल्या किंवा जमा केलेल्या कोणत्याच सामानात नेता येत नाही. वाळलेल्या जलरंगाच्या पेटीला असा अडसर नसतो. फक्त कागद कापायचा कटर तेवढा जमा करायच्या सामानात टाकावा.

(मेणवलीचा घाट दिसतो. पायऱ्यांवर सकाळचे ऊन उतरत आहे.)

कोणते रंग घ्यावेत, हे त्या प्रदेशातल्या दगडाला विचारावे, असे मी विद्यार्थ्यांना सांगते. वाईचा दगड काळा, बेसॉल्टचा आहे. तो काळ्या रंगाने रंगवला तर मेलेला दिसतो. अल्ट्रामरीनचा निळा आणि बर्न्ट सिएनाचा तांबूस तपकिरी एकत्र केले, की निळसर करड्यापासून तपकिरी करड्यापर्यंतच्या साऱ्या छटा हाती येतात, आणि त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे अल्ट्रामरीनचे जड कण कागदाच्या बारीक खळग्यांत जाऊन बसतात, त्यामुळे घाटाच्या पायरीचा खरखरीतपणा वेगळा न रंगवताही उमटतो. कोकणातल्या जांभ्या दगडासाठी बर्न्ट सिएनाच्या जोडीला लाइट रेड हा मातकट लाल हवा. पणजीच्या फोंतेन्यस वस्तीत निघाला असाल, तर तिथल्या पिवळ्या भिंतींसाठी यलो ऑकर हा मातकट पिवळा दुप्पट भरून घ्यावा. तयार हिरवा मी कधीच नेत नाही. वाईच्या वडाचा हिरवा आणि नदीकाठच्या उसाचा हिरवा एका डब्यातून निघू शकत नाही. दोन पिवळे आणि दोन निळे सोबत असले की तो जागेवर मिसळता येतो. अशा हिशेबाने आठ रंग पुरतात.

ब्रश तीनच घ्यावेत. आकाशासाठी एक इंची फ्लॅट, म्हणजे चपटा, बाकी बहुतेक कामासाठी बारा नंबरचा गोल आणि फांद्यांसाठी एक बारीक. ते बांबूच्या छोट्या चटईत गुंडाळावेत, म्हणजे टोके वाकत नाहीत आणि ओलावा हवेशीर वाळतो. बंद नळीत ओले ठेवलेले ब्रश दोन दिवसांत कुबट होतात.

छत्री विसरू नये, आणि ती रंगीत नसावी. लाल छत्रीखाली सगळा कागद गुलाबी दिसतो आणि घरी आल्यावर चित्र भलतेच निघते. उघड्या उन्हातही कागद इतका लखलखतो, की हात नकळत गडद रंग घेत जातो. म्हणून काळी किंवा करडी छत्री धरावी, नाहीतर सावलीची पायरी शोधावी.

रंग काढायला वेळच मिळणार नाही, असेही दिवस येतात. एडवर्ड लिअर हा इंग्रज चित्रकार नोव्हेंबर १८७३ मध्ये मुंबईत उतरला आणि वर्षाहून अधिक काळ हिंदुस्थानात फिरला. तो जागेवर पेन्सिलीने रेखाटन करी, त्या त्या भागावर रंगांची नावे लिहून ठेवी आणि शाई व रंग मागाहून भरत असे. म्हणून मऊ, गडद उठणारी 4बी पेन्सिल आणि खिशात मावणारी वही पिशवीत नव्हे, अंगावर असावी; एसटीच्या खिडकीतून पसरणीचा घाट दिसतो तेव्हा पिशवी वरच्या फळीवर असते.

(घाटावर सावल्या लांबल्या आहेत. एक हात रंगपेटी पुसत आहे.)

सगळ्यात शेवटी पाणी. अर्धा लिटर म्हणजे अर्धा किलो, तरीही ते घरूनच न्यावे, कारण प्रत्येक ठिकाणी नदी नसते. माझ्या पिशवीत दोन बाटल्या असतात, एक भरलेली आणि एक रिकामी. ब्रश धुतलेले गढूळ पाणी रिकाम्या बाटलीत जाते. त्यात रंगांमधल्या कॅडमियम आणि कोबाल्ट या विषारी धातूंचे अंश असू शकतात, आणि कृष्णेच्या याच पायऱ्यांवर बायका कपडे धुतात, मुले पोहतात. गडावरच्या टाक्याचे पाणी तर लोक पितात. रंगपेटी कोरडी होईपर्यंत उघडी ठेवून मी पायरीवर बसून राहते, मग ओले चित्र सनबोर्डमध्ये ठेवते, ब्रश चटईत गुंडाळते आणि ती दुसरी बाटली झाकण घट्ट लावून पिशवीत उभी ठेवते.