मोजमाप पुस्तिका

सीनाकाठच्या या घराच्या भिंतीवर गाळाची रेघ आहे, छातीएवढ्या उंचीवर. वरून रंग दिला, तरी ओल धरली की परत दिसते. आक्का तिच्यावर हात ठेवून सांगतात, "इथवर होतं पाणी. धान्याची पोती, पोरीचं दप्तर, समदं ह्याच्या खाली."

सप्टेंबर 2025. वरच्या धरणांतून विसर्ग वाढत गेला आणि माढा, मोहोळ, उत्तर व दक्षिण सोलापूरच्या शिवारांत सीना शिरली. लांबोटीजवळ पुणे महामार्ग बंद करावा लागला. उभा ऊस झोपला. कुठे कुठे तर शेतातली मातीच गेली.

नदीकाठी पूर अडवणारी भिंत हवी, यावर गावात दुमत नाही. काम सुरूही झालंय. पण किती लांबीचं, किती रकमेचं, कुठल्या निधीतून, हे कुणालाच सांगता येत नाही. कामावर फलक नाही. ग्रामसभेत विचारलं, तर "वरून मंजूर आहे" एवढंच.

मग गावातल्या पोरांनी 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज दिला. 30 दिवसांत उत्तर नाही, म्हणून अपील केलं. त्यानंतर आली ती अंदाजपत्रकाची पहिली दोन पानं.

पोरांना हवी आहे मोजमाप पुस्तिका. पाया किती खोल गेला, काँक्रीट किती पडलं, हे जागेवर मोजून तिच्यात लिहितात आणि त्यावरच ठेकेदाराचं बिल निघतं. पाया एकदा बुजला की तो पाहायला एवढा कागदच उरतो. ऑक्टोबर 2020 मध्ये पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत पावसात कोसळली आणि माणसं गेली. ते आठवलं की या एका वहीसाठीचा हट्ट कळतो. माहिती अधिकाराच्या 2005 च्या कायद्यानं काम प्रत्यक्ष पाहता येतं, साहित्याचे प्रमाणित नमुनेही मागता येतात. हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

आक्कांचा प्रश्न वेगळाच. भिंत कुठल्या पुराची पातळी धरून बांधताय? 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, की 100 वर्षांची लाल? "आन् माझं घर भिंतीच्या आत का भाईर?" याचं उत्तर नकाशात आहे. नकाशा अजून मिळालेला नाही.

रविवारी सकाळी पोरं टेप घेऊन नदीवर आली. एक टोक आक्कांनी दगडावर दाबून धरलं. जेवढी भिंत वर दिसते, तेवढी मोजून वहीत लिहिली. शेजारचा रकाना मोकळा ठेवलाय, पुस्तिकेतल्या आकड्यासाठी.